आधी पाटी, मग लोगो

पुण्यात बाणेरला नव्यानं उघडणाऱ्या एका रेस्टॉरंटचं ब्रँडिंग माझ्याकडे आलं, ते अर्ध्यावरून. कोकणातले मासे, देशावरची भाकरी आणि सोबत चांगली वाइन. कपड्यांचा फार विचार न करता यावं, पण जेवण मात्र निगुतीचं मिळावं, अशी मालकांची कल्पना. नाव एका गडाचं. आधीच्या एजन्सीनं त्यावर बुरुजाचा लोगो बेतला होता, ताटल्यांच्या काठावर तटबंदीची नक्षी भाजून घेतली होती, मेन्यूकार्डं छापून आली होती. मग परवान्याचं काम पाहणाऱ्या वकिलांनी पाटीवर काय लिहिणार असं विचारलं आणि सगळं थांबलं.

महाराष्ट्रात दुकानं व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. जिथे मद्य विकलं किंवा दिलं जातं, तिथल्या पाटीवर गडकिल्ल्याचं किंवा थोर व्यक्तीचं नाव लावता येत नाही. मालक लहानपणापासून त्या गडावर जाणारे. नावामागे त्यांचं खरं प्रेम होतं. म्हणूनच मला वाईट वाटलं. इतक्या बैठकांमध्ये रंगांवर तासन्‌तास बोलणं झालं, पण हे नाव दारावर लावता येईल का, हे एकानंही विचारलं नव्हतं. तुम्ही हॉटेल काढत असाल तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. त्याच दिवशी ट्रेडमार्कचाही शोध घ्या. रेस्टॉरंटची सेवा ४३ व्या वर्गात येते; पुढे स्वतःचे मसाले विकायचे असतील तर ३० वा वर्गही पाहून ठेवा.

दुकानं व आस्थापनांच्या त्याच कायद्यानुसार पाटीवर मराठी नाव सुरुवातीला लागतं आणि त्याची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा शहरभर घाईघाईनं पाट्या बदलल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी आजही पाहवत नाहीत. इंग्रजी नाव हौसेनं रेखाटलेलं आणि वर कॉम्प्युटरवर सापडलेला कुठलातरी देवनागरी फॉन्ट. या मालकांनाही एजन्सीनं अगदी तसंच दिलं होतं. ज्या लिपीत आपण जेवणाला हाक मारतो, तिला नियमापुरतं उभं करणं मला सहन होत नाही. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना त्या त्या नाटकाचा स्वभाव दिला, ही आपली परंपरा आहे. हॉटेलच्या नावाला तेवढा मान का मिळू नये?

म्हणून नवं नाव ठरल्यावर आम्ही आधी मराठी अक्षरं काढली आणि रोमन त्यांच्यामागून. या क्रमानं फार फरक पडतो. देवनागरी शिरोरेषेला लटकते, रोमन खालच्या रेषेवर उभी राहते. शिवाय वेलांटी, मात्रा, उकार वर-खाली जागा मागतात. दोन्ही नावांची एकूण उंची सारखी ठेवली तर मराठी अक्षराचं अंग बारीक होतं आणि पाटी कायद्यात बसूनही मराठी लहानच दिसते. मोजायचं ते शिरोरेषेपासून खालचं अंग.

पुढचा गुंता फॅब्रिकेटरकडे. आतून दिवा लागणाऱ्या अक्षरात एलईडीची पट्टी मावेल एवढी रेघेची जाडी हवी. नाजूक कागदी वळणं तिथे टिकत नाहीत. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध होतो, तेव्हा पत्र्याचा जोड कुठे येणार हे चित्रातच ठरवा. अनुस्वाराच्या टिंबाला स्वतंत्र आधार द्या. पहिल्या पावसाळ्यात गळून पडतं ते टिंबच. आणि पाटी पक्की करण्याआधी खऱ्या मापाचा फ्लेक्स टांगून रस्त्यापलीकडून, संध्याकाळच्या रहदारीत पाहा.

मेन्यूकार्डासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला. देवनागरी आणि रोमन दोन्ही एका हातच्या, सात वजनांमध्ये, आणि वापरायला मोफत. कार्डाचा नमुना स्टुडिओत नव्हे, रात्री त्याच टेबलावर वाचा. २७०० केल्व्हिनच्या पिवळ्या मंद उजेडात बदामी कागदावरची तपकिरी अक्षरं विरघळतात, चकचकीत लॅमिनेशनवर दिवा उमटतो. चष्मा लावणाऱ्या आजी-आजोबांना किंमत दिसली नाही, तर कार्ड कितीही सुंदर असो, ते बदला. जेवण मागवायच्या ॲपवरच्या चिमुकल्या गोलात अख्खं नाव मावत नाही. तिथे पहिलं अक्षर पुरे.

तटबंदीची नक्षी मात्र मालकांना ठेवायची होती. ताटली म्हणजे पाटी नव्हे, त्यामुळे अडचण नव्हती. पण नव्या ताटल्यांसाठी ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, मागितली तेव्हा एजन्सीनं हक्क आपलेच असल्याचं कळवलं आणि करारात त्याविरुद्ध एक ओळही नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मी स्वतः हेच काम करणारी आहे, तरी सांगते: हक्काचे योग्य पैसे चित्रकाराला द्या, पण मुदत, प्रदेश आणि ओपन फाइल या गोष्टी काम सुरू होण्याआधीच करारात लिहून घ्या.