कातडं आधी ओळखून घे

आधी ती हातोडी खाली ठेव बघू. आंबोलीच्या होमस्टेवाल्यांनी कातड्याचे कोस्टर मागितले, तू हो म्हणून मोकळी झालीस, आणि आता ठसा उमटत नाही म्हणून तोंड पाडून बसलीयस. अगं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तू आणलंयस ते पर्सचं कातडं, क्रोमने कमावलेलं. त्यावर कितीही ठोकलंस तरी सुकल्यावर नक्षी परत फुगून सपाट होते. कापलेली कड उजेडात धर, मध्ये निळसर राखाडी छटा दिसेल. तरी खात्री पटत नसेल तर एक बारीक पट्टी उकळत्या पाण्यात टाक. क्रोमचं कातडं जवळजवळ होतं तसंच राहतं, झाडाच्या सालीत कमावलेलं आक्रसून कडक होतं. आपल्याला ते आक्रसणारंच हवं.

त्यासाठी घाट चढायला लागेल. आंबोली, आजरा करत कोल्हापूर गाठ आणि चपलांचं कातडं विकणाऱ्यांकडे जा. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावतात. जुन्या रीतीत कातड्याची पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरत आणि ती टांगून ठेवत. कातडी कमावली ढोर समाजाने, चपला केल्या चर्मकारांनी. खरं सांगू का, पिढ्यान्‌पिढ्या त्यांना या कामासाठी गावकुसाबाहेर ठेवलं आणि आज आपण त्याला हौसेने हस्तकला म्हणतो, हे माझ्या मनातून जात नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळालं, तरी 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने तशाच चपला नाव न घेता मिरवल्या आणि ओरड झाल्यावर त्यांचं मूळ मान्य केलं. तू मात्र तुझ्या सेटच्या चिठ्ठीवर कातडं कुठलं ते लिहायचंस. आणि घरात कुणी ‘चामडा घरात कित्याक हाडलंस गो?’ म्हणून नाक मुरडलं, तर त्यांच्या पायातल्या वहाणेकडे बघ आणि गप्प बस.

घेताना तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं, पाठीकडचं घे. पोटाकडचं स्वस्त देतील, पण ते ताणतं आणि गोल कापलेला तुकडा ठोकल्यावर अंड्यासारखा होतो. वरून तेल, पॉलिश काही नको, कोरंच हवं.

आता पाण्याचं बघ, कारण सगळी मेख तिथे आहे. स्पंजने दोन्ही बाजू एकसारख्या ओल्या कर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ आणि रात्रभर विसरून जा. सकाळी उघडून तसंच ठेव. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला लावल्यावर गार लागलं, की बसायचं कामाला. त्याआधी घाई केलीस तर ओल्या अंगणात घातलेल्या रांगोळीसारखी रेघ पसरते. फार सुकलं तर ठसा नुसता वरवर बसतो. मागच्या बाजूला पार्सलची चिकटपट्टी लाव, म्हणजे ठोकताना गोल आकार बिघडत नाही. खाली ग्रॅनाइटचा तुकडा घे. किचनच्या ओट्याचं काम करणाऱ्याकडे फेकायला ठेवलेले असतात. हातोडी लाकडाची.

आणि लोखंडापासून लांब राहा, बाई! मी एकदा शहाणपणा करून तुकडे लोखंडी घमेल्यात भिजत घातले होते, सगळे कावळ्याच्या रंगाचे निघाले. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळं होतंच. जुने लोक हिरडा आणि हिराकस घेऊन शाई करत, ती याच गुणावर. म्हणून विळीच्या पात्याला ओलं कातडं लागू देऊ नकोस. बारीक डाग पडला तर लिंबाचा रस लावून लगेच पुसून काढ, बराचसा जातो.

नक्षीसाठी कशाला इंटरनेट धुंडाळतेस? आपल्या सावंतवाडीचा गंजिफा गोलच असतो की. दशावतारी गंजिफात 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यातला मासा, कासव, परशु असं एकेक चिन्ह घे. देवाची आकृती मात्र नको. एक तर कातडं, वर त्यावर कुणी ओला ग्लास ठेवणार. गिऱ्हाईक दुखावेल आणि तुलाही बरं वाटणार नाही. चिन्ह मोठं ठेव. फिरत्या पात्याच्या सुरीने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच रेघ काप, मग बाहेरच्या अंगाने ठशाने दाबत जा. मासा आपोआप वर उठून येतो बघ.

कड हा मला सगळ्यात आवडणारा भाग. धार काढून टाक, बारीक पॉलिशपेपर मार, मग किराणा दुकानात मिळतो तो गोंद कतिरा भिजवून त्याची जेली बोटाने कडेला लाव आणि लाकडाने घास. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एखाद्या लाकडाचं कातकाम करणाऱ्याला सांगून कडक लाकडाची खाच पाडलेली कांडी करून घे. पोळपाट-लाटणी करणाऱ्याला ते काय अवघड? घासता घासता कड गरम होते, खरबरीतपणा जातो आणि अचानक काचेसारखी चकाकी धरते. ही कड बघूनच लोक उलटून पालटून किंमत विचारतात.

रंग दिल्यावर पूर्ण सुकू दे, जादा रंग कोरड्या कापडाने पुसून घे. नाहीतर कुणाच्या तरी पांढऱ्या टेबलक्लॉथवर तुझी सही राहील. शेवटचा हात देताना तुला लाखेचा मोह होणार, सावंतवाडीची ना तू! गंजिफाच्या पानांना चिंचोक्याची खळ, खडू आणि वर लाख चालते. कातडं वाकतं, त्यावर लाख तडकते. नुसतं मेणही पुरत नाही. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं आणि आपला चहा त्याहून गरम असतो. ॲक्रिलिक फिनिश निम्मं पाणी घालून पातळ कर आणि दोन-तीन पातळ हात दे, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. खाली कॉर्क चिकटव. मग एक कोस्टर बळी देऊन त्यावर गरम चहाचा स्टीलचा पेला ठेव. वळ उमटला तर अजून एक हात.

पावसाळ्यासाठी साठा करून ठेवू नकोस. आषाढात आपल्याकडे भिंतींना बुरशी येते, कातड्याचं काय घेऊन बसलीस! केलेच तर पंख्याखाली सुकव, उन्हात नाही, आणि वर्तमानपत्रात गुंडाळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेस की पांढरे ठिपके आलेच म्हणून समज.

किंमत लावताना रात्रभर मुरवण्याचे नको, पण कड घासण्याचे तास नक्की धर. मावश्या-काकवा ‘आमका एक सेट असोच दी गो’ म्हणतील. चहा पाज, लाडू दे, सेट देऊ नकोस.