'नाइस' शब्दाची कुळकथा

'नाइस' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याची गणती नाही. चहा नाइस, सिनेमा नाइस, निपाणीच्या बाजारात घेतलेला शर्टही नाइस! शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये, पाचव्या अंकात, फ्रायर लॉरेन्स आपल्या न पोचलेल्या पत्राविषयी हाच शब्द वापरतो. 'पत्र सुंदर नव्हते' असे मी ट्यूटोरियलमध्ये लिहिले आणि सरांच्या लाल शाईचा धनी झालो. तेथे अर्थ आहे 'क्षुल्लक'. पत्र क्षुल्लक नव्हते. ते न पोचल्यानेच पुढचा अनर्थ घडला.

मग शब्दकोश उघडला. मूळ शब्द लॅटिन 'नेस्किउस'. 'ने' म्हणजे आपला 'न', आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. जाणत नाही तो, अर्थात अडाणी! याच 'स्किरे'च्या कुळात 'सायन्स' शब्द जन्मला. फ्रेंचमार्गे इ. स. १३०० च्या सुमारास 'नाइस' इंग्रजीत आला तो 'मूर्ख' या अर्थाने. पुढे तो चोखंदळ झाला, काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात 'छान' होऊन बसला. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्दँगर ॲबी'त जेन ऑस्टिनने त्याच्या या सरसकट वापराची थट्टा केली आहे. उलट 'सिली' हा शब्द पूर्वी 'धन्य' होता. तो आज मूर्ख ठरला आहे! आपल्याकडे तरी काय? स्मृतिग्रंथांत 'साहस' हा बळजोरीचा गुन्हा आहे. आज तो गुण आहे.

शब्द असा काळाप्रमाणे बदलतो, तसा गावाप्रमाणेही बदलतो. बेळगावच्या वसतिगृहात माझा सोबती म्हैसूरकडचा होता. एका सकाळी तो अंथरुणातूनच म्हणाला, "हुषारिल्ल." मी म्हटले, "अरे, कोण म्हणतो तू हुशार नाहीस?" आणि त्याची पाठ थोपटून वर्गावर गेलो. दुपारी परतलो तो तापाने फणफणलेला! फारसी 'होश'पासून आलेला हा शब्द मराठीत बुद्धीपाशी थांबला. कानडीत तो बुद्धीबरोबर प्रकृतीचीही विचारपूस करतो. 'हुषारिल्ल' म्हणजे 'बरे वाटत नाही'.

लाल शाईने माझे दोन गुण गेले, त्याचे दुःख नाही. शेजारच्या खाटेवरचा शब्द मात्र मी माझ्याच कोशात पाहिला, हे अजून सलते. दोन भाषांच्या या मुलखात राहणाऱ्याने ओळखीचा शब्द कानी पडताच एकदा तरी विचारावे, 'बाबा रे, तुझ्याकडे याचा अर्थ काय?'