भुकेचा सांगावा

मंडळी, जाड पोर दिसले की आपण काय म्हणतो? "खादाड आहे! याला तोंड आवरत नाही." मी शाळेत मास्तर होतो. मीही एका मुलाला चारचौघांत असेच बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो भाकरी लपून खाऊ लागला. ते मला अजून बोचते.

भूक कोण लावते, ते आज पाहू.

कणगी भरलेली असली की घरधनीण निर्धास्त असते. कणगी रिती झाली की तिला घोर लागतो. अंगातली चरबी ही आपली कणगी. चरबीत एक रस तयार होतो. त्याचे नाव लेप्टिन. तो रक्तातून मेंदूकडे सांगावा नेतो, "साठा आहे, काळजी नको." मग मेंदू भूक आवरतो. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सोबत्यांनी जाड उंदरांवरून याचा शोध लावला.

इंग्लंडात नात्यातली दोन मुले होती. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो! मुलगा २ वर्षांचा, वजन २९ किलो! दोघे सारखे खायला मागत. डॉक्टरांनी रक्त तपासले. रस जवळजवळ नव्हताच! ही गोष्ट १९९७ साली जाहीर झाली. नाक-डोळे आईबापांकडून येतात ना? तशीच ही खोट दोघांकडून आली होती. कणगी भरलेली, पण सांगावाच नाही. मेंदूला वाटे, दुष्काळ पडला!

पुढे त्या मुलीला हा रस सुईने टोचला. भूक आटोक्यात आली. एका वर्षात वजन १६ किलोंनी उतरले. मग सांगा, दोष त्या लेकराचा होता का?

अशी खोट फार थोड्यांत असते. बहुतेक जाड माणसांत रस पुष्कळ असतो, पण मेंदू सांगावा नीट ऐकत नाही. म्हणून ही सुई सर्वांना उपयोगी नाही. जाडपणा थोडा वाणातून येतो, थोडा खाण्यातून, थोडा बसून राहण्यातून. गोड, तळलेले बेताने खावे. अंग हलवावे. पण लहान मूल सतत भुकेले असेल आणि झपाट्याने जाड होत असेल, तर त्याला हसू नका. डॉक्टरकडे न्या.

प्रश्न
१. अंगातली कणगी कोणती?
२. मेंदूला सांगावा कोण देतो?
३. तुमच्या गावात जाड मुलाला कोणी चिडवले, तर तुम्ही काय सांगाल?