नोकरीची मुलाखत आणि फळ्यावरील गणित

आपल्या मुलानें वा मुलीनें संगणकाच्या विद्येकडे वळावें, अशी आज पुष्कळ पालकांची इच्छा असते. परंतु पदवी हातीं पडल्यावर मोठ्या कंपनीच्या दाराशीं जी मुलाखत होते, तिचें स्वरूप काय असतें, याची माहिती घरांत फारशी कोणास नसते. ती वाचकांपुढें ठेवावी, एवढ्याचसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

उमेदवारास प्रश्नांनीं घेरण्याची चाल आजची नव्हे. विजेच्या दिव्यामुळें जगास ठाऊक झालेला थॉमस एडिसन आपल्याकडे येणाऱ्या पदवीधरांस सुमारें दीडशें प्रश्नांची परीक्षा देत असे. फ्रान्सच्या सीमेस कोणते देश लागून आहेत, व्होल्गा नदी कोठें आहे, अशा तऱ्हेचे ते प्रश्न १९२१ सालीं वर्तमानपत्रांत छापून आले व एकच गवगवा झाला. त्याच वर्षीं अल्बर्ट आइन्स्टाइन अमेरिकेंत गेले असतां ध्वनीचा वेग किती, हा त्या परीक्षेंतील प्रश्न त्यांस विचारण्यांत आला. पुस्तकांत सहज सांपडणारी माहिती आपण डोक्यांत बाळगीत नाहीं, असें त्यांनीं उत्तर दिलें!

पुढें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें कोड्यांचा मार्ग धरिला. रस्त्यांतील गटाराचें झांकण गोल कां असतें, हें त्यांपैकीं प्रसिद्ध कोडें. भूमितीच्या विद्यार्थ्यांस तें आवडेल. चौरस भोंकाची बाजू दोन फूट असल्यास त्याचा कर्ण सुमारें २.८ फूट भरतो. तेव्हां चौरस झांकण उभें करून कर्णाच्या दिशेनें धरिलें, तर तें आंत पडूं शकतें. वर्तुळाचा व्यास मात्र सर्व बाजूंनीं सारखाच. गूगल कंपनीनें तर २००४ सालीं कॅलिफोर्नियांतील हमरस्त्यावर स्वतःचें नांवही न घालतां एक फलक लाविला होता. गणितांतील ‘ई’ या संख्येच्या दशांश विस्तारांत सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधून काढा, एवढेंच त्यावर लिहिलें होतें. उत्तर ७४२७४६६३९१ असें आहे. तें शोधणारास पुढें आणखी एक कोडें आणि त्यानंतर नोकरीच्या अर्जाचें आमंत्रण मिळे.

ही हौस फार दिवस टिकली नाहीं. गूगलमधील नोकरभरतीचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीं २०१३ सालीं सांगितलें कीं, अशीं कोडीं म्हणजे निव्वळ कालापव्यय होय. त्यांनीं परीक्षकास आपण हुशार आहों असें वाटतें, याउपर त्यांचा उपयोग नाहीं. परीक्षेच्या नांवाखालीं स्वतःचें पांडित्य मिरविणारे सर्व देशांत असतात, एवढेंच आम्ही म्हणूं.

आतां बहुधा पाऊण तासांत फळ्यावर किंवा पडद्यावर एक गणित सोडवावयास देतात. उदाहरणार्थ, ११, ४, ३८, २७, १९, ५२, ३३ या संख्यांपैकीं कोणत्या दोहोंची बेरीज ६० होते? प्रत्येक जोडी तपासूं म्हटल्यास येथें २१ जोड्या होतात. परंतु संख्या एक हजार असतील, तर जोड्या ४,९९,५०० होतील. शहाणा उमेदवार एक टांचणवही करितो. ११ आला, त्यास ४९ हवा, तो वहींत नाहीं, म्हणून ११ लिहून पुढें जावें. असें करीत ३३ पाशीं आलों म्हणजे त्यास २७ हवा, आणि तो वहींत आधींच आहे. सात संख्या, सात वेळां पाहणें. हजारांस हजार वेळां. परीक्षकास हवें असतें तें हें, आणि त्याहूनही थोडें अधिक. संख्या चढत्या क्रमानें आहेत काय, उत्तरच नसल्यास काय सांगावें, हें उमेदवारानें आपण होऊन विचारावें आणि मनांतील विचार मोठ्यानें बोलून दाखवावा, अशी अपेक्षा असते.

आमच्या मुलांची गाडी नेमकी येथेंच अडते. वडील माणसांपुढें उलट प्रश्न करूं नये, उत्तर पक्कें होईपर्यंत तोंड उघडूं नये, असें वळण आपण त्यांस घरीं लावितों आणि शाळेंतही लावितों. मग तेंच शालीन मौन तेथें अज्ञान म्हणून मोजलें जातें. ज्यास गणित येतें तो परत येतो, आणि आपण मुलासच बोल लावितों.

भीतीचा परिणाम किती होतो, हें अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें. ४८ विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं परीक्षकासमोर बोलत बोलत, तर कांहींनीं खोलींत एकट्यानें गणित सोडविलें. परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून खालीं आली. समोर बसविलेल्या मुलींपैकीं एकही उत्तीर्ण झाली नाहीं. एकट्या बसलेल्या सर्व मुली उत्तीर्ण झाल्या. प्रयोग लहान होता हें खरें. तथापि मुलींच्या पालकांनीं तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

नकार आला म्हणजे घरांत सुतकी कळा येते. २००९ सालीं ब्रायन ॲक्टन नांवाच्या अनुभवी गृहस्थास ट्विटर व फेसबुक या दोन्ही कंपन्यांनीं नाकारिलें. नंतर तो व्हॉट्सॲपच्या उभारणींत सामील झाला, आणि २०१४ सालीं फेसबुकनेंच ती कंपनी सुमारें १९ अब्ज डॉलरांस विकत घेण्याचें जाहीर केलें. हें उदाहरण आम्ही जपूनच देतों, कारण नाकारिलेला प्रत्येक उमेदवार कांहीं ॲक्टन होत नाहीं. बहुतेक जण पुन्हां फळ्यापाशीं उभे राहून सराव करितात, मित्रास परीक्षक करून समोर बसवितात आणि सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें दुसरा अर्ज पाठवितात. बऱ्याच कंपन्यांत तशी मुभा असते.