शंका-समाधान : मनाच्या आजाराची गोळी आणि भरपाईचा दावा

शंका : धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे. व्हॅल्प्रोएट चालू असतानाच डॉक्टरांनी लॅमोट्रिजिन सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले, अंगाची कातडी सोलली. तो वाचला. डॉक्टर म्हणतात, "असं एखाद्याला होतं." दावा लावता येईल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

समाधान : दादा, भाऊ बचावला हे वाचून जीव भांड्यात पडला.

औषधाचा अपाय झाला, एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. डॉक्टरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण व्हॅल्प्रोएट चालू असलं की लॅमोट्रिजिन शरीरात जवळपास दुप्पट काळ टिकतं, म्हणून सुरुवात २५ मिलिग्रॅमने, तीही दिवसाआड करायची असते. भावाची पहिली चिठ्ठी शोधा. तिच्यावर रोज ५० लिहिलं असेल, तर "असं एखाद्याला होतं" हे उत्तर ग्राहक आयोगापुढे टिकणं अवघड आहे. आणि पुरळ उठलं की लगेच दाखवायला या, असं तुम्हाला कोणी बजावलं होतं का? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार उपचारांचे माहीत असलेले दुष्परिणाम आपल्याला कळेल अशा भाषेत समजून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांना तो ठाऊकच नसतो, याचं फार वाईट वाटतं.

कातडी सोलणाऱ्या अशाच आजाराने अनुराधा साहा १९९८ मध्ये मुंबईत गेल्या. पती डॉ. कुणाल साहा लढत राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये आणि वर व्याज मंजूर केलं. तिथेही आजार झाला म्हणून कोणी दोषी ठरलं नाही. मुंबईला नेण्याआधी कोलकात्यातल्या उपचारांत त्यांना डेपो-मेड्रॉल हे लांबवर परिणाम टिकणारं स्टिरॉइड दिवसातून दोनदा टोचलं गेलं, हा कळीचा मुद्दा होता.

रुग्णालयाकडे केसपेपर लेखी मागा, ते ७२ तासांत द्यावे लागतात. दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांचं लेखी मत घ्या. कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी.

शंका : ओलांझापिनमुळे आईचं वजन वाढलं, मधुमेह जडला. अमेरिकेत कंपन्या कोट्यवधी देतात म्हणे. आम्ही कंपनीवर दावा करावा का?
– एक वाचक, राजारामपुरी

समाधान : ताई, ऐकलंत ते खरं आहे. याच औषधापायी एली लिली कंपनीने २००५ मध्ये सुमारे ८ हजार दाव्यांसाठी ६९ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. पण मधुमेहाची सूचना पुरेशी दिली नाही, हा तिथला आरोप होता. आता ती सूचना जगभर माहीत आहे. शिवाय आपल्या २०१९ च्या ग्राहक कायद्यात कंपनीला मोठी पळवाट आहे : तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायच्या औषधाबाबत तिने त्या तज्ज्ञाला रीतसर इशारा दिला असेल, तर ती सुटू शकते. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण तो इशारा घरापर्यंत पोचलाच नाही तरी कंपनी मोकळी.

तुमचा खरा प्रश्न डॉक्टरांना आहे. गोळी सुरू करण्याआधी आईंची साखर आणि वजन पाहिलं होतं का, नंतर किती वेळा पाहिलं? तपासण्या झाल्याच नसतील, तर बोलायला जागा आहे.

केससाठी म्हणून गोळी मनाने बंद करू नका, आजार उलटतो. बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या. आणि अपायाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी औषधसुरक्षा क्रमांकावर आजच करा, फोन मोफत आहे.