एकाचे डोळे, अनेकांचे ज्ञान

मोठ्या रुग्णालयात रोज सकाळी डॉक्टरांची फेरी निघते. पुढे वडील डॉक्टर आणि त्यांच्यामागे तरुण डॉक्टर, परिचारिका व विद्यार्थी असा मेळा एकेका खाटेपाशी थांबतो. कोणी रोग्याची नाडी पाहतो, कोणी रक्ततपासणीचा अहवाल वाचतो, तर कोणी शंका विचारतो. अशा रीतीने एकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्याच्या ध्यानात येते आणि रोग्याचे हित साधते.

२०२० साली कोरोनाची साथ जगभर पसरली, तेव्हा ही जुनी रीत संकटात सापडली. हा रोग श्वासावाटे पसरणारा. सगळा मेळा खाटेपाशी गेला, तर सगळ्यांचाच जीव धोक्यात; आणि एकटाच डॉक्टर गेला, तर इतरांच्या ज्ञानाला रोगी मुकणार! शिवाय आत जाणाऱ्या प्रत्येकाला मुखपट्टी, हातमोजे आणि संरक्षक अंगरखा लागे. या वस्तूंचा तर त्या वेळी मोठा तुटवडा होता.

लंडन शहरातील सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला होता. त्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी या पेचातून एक मार्ग काढला. एकाच डॉक्टराने ‘होलोलेन्स’ नावाचा हेडसेट डोक्यावर चढवून आत जावे आणि बाकीच्यांनी जवळच्या सुरक्षित खोलीत संगणकापुढे बसावे, असे त्यांनी ठरवले.

मुलांनो, हे यंत्र चष्म्यासारखे असते. त्याच्या पारदर्शक काचेतून समोरचे खरे जग दिसतेच. परंतु त्याच काचेवर चित्रेही उमटतात आणि ती हवेत तरंगत असल्याचा भास होतो. म्हणून खरी खाट आणि तिच्याशेजारी रोग्याचे क्ष-किरण चित्र, अशा दोन्ही गोष्टी डॉक्टराला एकाच वेळी दिसतात. खऱ्या दृश्यात अशी भर घालण्याच्या विद्येला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ असे म्हणतात. यंत्रावरील कॅमेरा डॉक्टराला दिसणारे दृश्य बाहेरच्या खोलीत पोहोचवतो. तेथील मंडळी प्रश्न विचारतात, सल्ला देतात आणि लागेल तो अहवाल त्याच्या डोळ्यांपुढे मांडतात. डॉक्टर हाताच्या नुसत्या खुणेने ते चित्र हलवतो. त्यासाठी कशालाही स्पर्श करावा लागत नाही.

या उपायाने धोक्याच्या विभागात कर्मचाऱ्यांना घालवावा लागणारा वेळ ८३ टक्क्यांपर्यंत घटला, असे आढळून आले. दर आठवड्याला एकेका विभागात संरक्षक साहित्याचे ७०० पर्यंत नग वाचू लागले.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. कोणा एकाला आत जावेच लागत होते. यंत्र दृश्य नेते, आवाज नेते. परंतु रोग्याच्या कपाळाचा ताप ते बाहेर नेऊ शकत नाही, की घाबरलेल्या रोग्याचा हात हाती घेऊ शकत नाही. आत गेलेल्याने आपल्या हाताला जे जाणवले ते नीट सांगावे आणि बाहेरच्यांनी लक्ष देऊन ऐकावे, तरच दोघांचे काम एक होते. आतला आपले डोळे व हात देतो, बाहेरचे आपले ज्ञान देतात.

पुढे २०२४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने होलोलेन्सचे उत्पादन थांबवले. यंत्रे येतात आणि जातात. परंतु जो सर्वांच्या वतीने धोक्यात पाऊल टाकतो, त्याला एकटे पडू न देणे, हे सहकार्याचे मर्म जुने होत नाही.

स्वाध्याय
१. साथीच्या काळात डॉक्टरांपुढे कोणता पेच उभा राहिला?
२. होलोलेन्समधून डॉक्टराला कोणकोणत्या गोष्टी एकाच वेळी दिसत?
३. कोणते काम यंत्राला करता येत नाही, असे लेखक म्हणतात?
४. ‘मुकणे’, ‘पेच’, ‘मर्म’ हे शब्द वाक्यांत योजा.