धडा : रोज तीच जागा, तसाच हात

बाईच्या स्तनात गाठ झाली. तपासणीत ती कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया करून गाठ काढली. बाईला वाटले, सुटले! पण डॉक्टर म्हणाले, "बाई, आता किरण घ्यावे लागतील."

हे कशासाठी? गाठ काढली तरी रोगाचे बारीक कण मागे उरलेले असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. किरण त्यांना मारतात. लोक याला 'शेक' किंवा 'लाइट घेणे' म्हणतात. पण घेताना चटका बसत नाही, दुखतही नाही.

जव्हार-मोखाड्याच्या बाईला यासाठी मोठ्या शहरात जावे लागते. मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. ते १९४१ साली सुरू झाले. तिथे कर्करोगावर उपचार होतात.

किरण बाणासारखे सरळ जातात. नेम धरणारा कितीही हुशार असो, फांदी हलली तर बाण चुकतो. होय की नाही? इथेही तसेच आहे. नेम यंत्र धरते. न हलणे हे बाईचे काम. छातीखाली फुप्फुस आहे. डाव्या बाजूला काळीज आहे. त्यांना शक्यतो किरण लागू नयेत, म्हणून ते बाजूने तिरपे सोडतात.

पहिल्या दिवशी नुसते माप घेतात. बाईला उताराच्या फळीवर उताणे निजवतात. हात डोक्याच्या वर टेकवून ठेवतात. डोक्यावरचा हंडा धरताना हात वर जातो ना, जवळजवळ तसाच. मग सीटी स्कॅन काढतात आणि अंगावर बारीक खुणा करतात. पुढे रोज त्याच खुणांवरून तशीच निजवतात. भिंतीवरून उजेडाच्या रेघा अंगावर पडतात. रेघ आणि खूण जुळली, की जागा बरोबर.

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ बायांचा खांदा आखडतो. हात वर जात नाही. मग किरण देणे अडते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज व्यायाम करावा. भिंतीसमोर उभे राहावे. बोटे मुंगीसारखी भिंतीवर चढवावीत. आज वीतभर, उद्या थोडी आणखी. हा व्यायाम म्हणजे औषधच समजा.

आता हे नीट ध्यानात ठेवा :

१. छाती उघडी ठेवावी लागते. लाज वाटणारच. बाई कर्मचारी हवी असेल तर तसे सांगावे. पण अंग आखडू नये.

२. कर्मचारी अंग सरकवतील तसे सरकू द्यावे. आपण होऊन सरकू नये.

३. मग ते खोलीबाहेर जातात. घाबरू नये. त्यांना बाहेरून तुम्ही दिसता. किरण थोडीच मिनिटे चालतात. श्वास नेहमीसारखा घ्यावा. डाव्या बाजूला किरण असतील तर काही ठिकाणी श्वास रोखायला शिकवतात. तेव्हा सांगतील तसे करावे.

४. खोकला आला, हाताला कळ आली, तर हाक मारावी. यंत्र थांबवता येते.

५. अंघोळीत खुणा घासू नयेत. खूण पुसट झाली तर घरी पुन्हा काढू नये. रुग्णालयात दाखवावी.

६. कातडी लाल झाली तर मनाने लेप लावू नये. डॉक्टरांना विचारावे. सैल, सुती कपडे घालावेत.

पुष्कळ बायांना आठवड्याचे ५ दिवस, असे ३ आठवडे किरण देतात. काहींना जास्त दिवस लागतात. आवणी आली, लग्न आले म्हणून दिवस चुकवू नये. जव्हारहून रोज मुंबईला जाणे-येणे होत नाही. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या रोग्यांची सोय होते. राहण्याचे आणि खर्चाचे रुग्णालयातील समाजसेवकाला विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी. रेशनकार्ड जवळ ठेवावे.

आणखी एक. यंत्र बंद झाले की हे किरण अंगात राहत नाहीत. घरी येऊन लेकराला खुशाल मांडीवर घ्यावे. बाईला वेगळे बसवू नये, तिचे ताट वेगळे करू नये. तिला किरणांपेक्षा त्याचाच चटका जास्त बसतो.

नवे शब्द
कर्करोग – कॅन्सर
शस्त्रक्रिया – ऑपरेशन
उताणे – पाठ टेकून

प्रश्न
१. किरण घेताना का हलू नये?
२. हात वर जावा म्हणून कोणता व्यायाम करावा?
३. खूण पुसट झाली तर काय करावे?
४. तुमच्या पाड्यात अशी बाई असेल, तर तिचे ३ आठवड्यांचे घरकाम कोण करील? सर्वांनी मिळून ठरवा.